गिटार घडवायला शिकताना: कोणतं लाकूड याच्या पुढचे प्रश्न

गिटार बनवायला शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा लाकडाचा असतो. रोझवूड घेऊ की महोगनी? वरची फळी स्प्रूसची बरी की सीडरची? प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्या उत्तरावर गिटारचा आवाज वाटतो तेवढा ठरत नाही. एकाच ओंडक्यातून निघालेल्या फळ्या दोन कारागिरांना द्या, दोन वेगळ्या आवाजाच्या गिटारी तयार होतील. वरची फळी किती जाड ठेवली, आतल्या पट्ट्या किती तासल्या, चिकटवताना लाकूड किती कोरडं होतं आणि नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचा, कोन किती अचूक बसला, यांत खरा फरक पडतो. या लेखात अकूस्टिक गिटारबद्दलच बोलू, कारण तिच्यात लाकडाचं काम सगळ्यात नाजूक असतं.

आधी ताणाचा हिशेब मांडू. स्टीलच्या हलक्या तारांचा एक संच सुरात लावला की सहाही तारांचा मिळून ताण 70 किलोच्या वर जातो. नायलॉनच्या तारांचा ताण साधारण 40 किलो असतो. हा सगळा ओढा ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यावर येतो, आणि ब्रिज जिला चिकटवलेला असतो ती वरची फळी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. त्यातून स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये तारा फळीपासून साधारण 12 मिलिमीटर उंचावरून जातात. त्यामुळे त्या ब्रिजला नुसतं ओढत नाहीत, पुढच्या बाजूला उलथवायलाही बघतात. जुन्या गिटारमध्ये ब्रिजच्या मागे फळी फुगलेली आणि ब्रिज व साउंडहोल (फळीतलं गोल भोक) यांच्या मधे खचलेली दिसते, ती यामुळेच.

मग फळी जाड का ठेवत नाहीत? तारेत ऊर्जा फार थोडी असते. बोटाने छेडलेली तार स्वतः हवा फारशी हलवत नाही. तिने ब्रिज हलवायचा, ब्रिजने फळी हलवायची, आणि फळीने हवा. फळी जड आणि कडक असली की तेवढ्या ऊर्जेत ती पुरेशी हलत नाही, आवाज बारीक आणि कोंडलेला येतो. फार पातळ केली तर सुरुवातीला आवाज मोकळा लागतो, पण काही वर्षांत ताणाखाली ती वाकते. म्हणजे ताण पेलण्याइतकी मजबूत आणि त्यापलीकडे शक्य तितकी हलकी, अशी फळी कारागिराला हवी असते. पुढचं सगळं काम या एका ओढाताणीतून निघतं.

वरच्या फळीचं महत्त्व दाखवून देणारी एक गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आंतोनियो दे तोर्रेस (1817–1892) या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये ती बनवली. तिची वरची फळी लाकडाची आहे आणि बाजू व पाठ चक्क पुठ्ठ्याची. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो त्या नायलॉनच्या तारांच्या गिटारचा आकार आणि आतल्या पट्ट्यांची रचना रूढ करणारा हा माणूस. आवाज मुख्यतः वरची फळी देते, हे त्याला दाखवायचं होतं.

फळी निवडणं आणि पातळ करणं

वरच्या फळीसाठी स्प्रूस किंवा वेस्टर्न रेड सीडर वापरतात, कारण ही लाकडं वजनाच्या मानाने फार ताठ असतात. पण झाडाच्या नावापेक्षा ती विशिष्ट फळी कशी कापली आहे हे आधी बघावं. वार्षिक वलयं फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी हवीत. फळीचं टोक बघितलं की ती दिसतात. वलयं आडवी झाली की रुंदीच्या दिशेने फळीचा ताठपणा झपाट्याने कमी होतो आणि हवेप्रमाणे ती जास्त फुगते-आकसते.

दुसरी गोष्ट नवशिक्याच्या नजरेतून हमखास सुटते. लाकडाचे तंतू फळीच्या पृष्ठभागाला समांतर जाताहेत की तिरके वर येऊन तुटताहेत? तिरके तंतू असलेली फळी दिसायला सुंदर असू शकते, पण तेवढीच जाडी असून कमी ताण पेलते आणि ब्रिजपाशी चिरायची भीती राहते. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गिटारची वरची फळी एकाच जाड फळीचे दोन काप पुस्तकासारखे उघडून, मध्ये जोडून केलेली असते. तंतू तिरके असतील तर प्रकाशात एक अर्धा उजळ आणि दुसरा गडद दिसतो. फळी उलट्या टोकाने धरली की उजळ-गडद अदलाबदल होतात. म्हणूनच चांगले लाकूड पुरवणारे ओंडका करवतीने कापायच्या आधी पाचर ठोकून फोडतात. फोडलेलं लाकूड तंतूंच्या वाटेनेच उलतं.

आता जाडी. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. 3 मिलिमीटरची फळी 2.7 वर आणली तर जाडी फक्त 10 टक्के कमी झाली, पण ताठपणा 27 टक्क्यांनी उतरला. शेवटचे काही दशांश मिलिमीटर काढताना अनुभवी माणूस रंध्याचे दोन हात मारतो आणि थांबून फळी वाकवून बघतो, ते यासाठी. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी रुंदीच्या दिशेने हलकेच वाकवायची, मग लांबीच्या दिशेने, मग कोपऱ्यातून पिळून बघायची. फळी लांबीत रुंदीपेक्षा कितीतरी ताठ असते, त्यामुळे रुंदीतला बदल हाताला आधी कळतो.

म्हणून ‘जाडी किती ठेवू’ याला एक आकडा सांगणं मला पटत नाही. स्टीलच्या तारांसाठी 2.5 ते 3, नायलॉनसाठी 2 ते 2.5 मिलिमीटर, ही सुरुवात करायची जागा झाली. ताठ फळी याहून पातळ चालेल, मऊ फळी थोडी जाड ठेवावी लागेल. हाताचा अंदाज पक्का होईपर्यंत मोजून काम करावं. फळीची लांबी, रुंदी, जाडी आणि वजन लिहून ठेवावं. तिची दोन टोकं आधारावर ठेवून मधोमध ठरावीक वजन ठेवलं की ती किती मिलिमीटर खाली जाते, तेही लिहावं. पुढच्या फळीशी तुलना करायला हे आकडे लागतात.

आतल्या पट्ट्या

वरच्या फळीच्या आतून ब्रेस म्हणजे पट्ट्या चिकटवलेल्या असतात. फळी पातळ ठेवूनही ताण पेलला जातो तो यांच्या जोरावर. क्लासिकल गिटारमध्ये त्या साउंडहोलच्या खालून पंख्यासारख्या पसरतात. स्टीलच्या गिटारमध्ये दोन मुख्य पट्ट्या इंग्रजी एक्ससारख्या एकमेकींना छेदतात. ही रचना अमेरिकेत 1840 च्या दशकात पुढे आली. सी. एफ. मार्टिन यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, स्टीलच्या तारा नंतर आल्या आणि त्यांचा वाढलेला ताण याच रचनेने पेलला.

पट्टीचा हिशेबही घनाचाच. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. त्यामुळे पट्टी अरुंद आणि उंच ठेवली की कमी वजनात जास्त बळ मिळतं, आणि तासताना वरून अर्धा मिलिमीटर काढला तरी फरक जाणवतो. पटाशी धारदार हवी. बोथट पटाशीने तंतू उचकटले की पट्टी कुठपर्यंत फाटत जाईल सांगता येत नाही.

तासता तासता फळीवर बोटाने टकटक करून ऐकायची पद्धत आहे, आणि तिच्याभोवती बरंच गूढ उभं केलं गेलं आहे. त्यात समजण्यासारखं असं: पेटी बंद झाल्यावर गिटारमध्ये दोन मुख्य कंपनं असतात. एक आतल्या हवेचं, साधारण 100 हर्ट्झच्या आसपास. दुसरं वरच्या फळीचं, साधारण 170 ते 220 हर्ट्झच्या पट्ट्यात. फोनवरच्या एखाद्या ध्वनी-विश्लेषक अॅपवर ती सहज दिसतात. हाताने तारा दाबून गप्प करायच्या, ब्रिजवर बोटाच्या पेराने ठोकायचं आणि आलेखातली शिखरं वाचायची. यातलं एखादं शिखर नेमकं एखाद्या स्वरावर येऊन बसलं तर तो एकच स्वर इतरांपेक्षा मोठा उठतो आणि चटकन विरतो. शिखर दोन स्वरांच्या मधे पडलेलं बरं. मोकळी पाचवी तार 110 हर्ट्झला आणि मोकळी तिसरी तार 196 हर्ट्झला वाजते. एवढे दोन आकडे डोक्यात असले तरी गिटार नेमकी कुठे अडते आहे हे शोधता येतं.

पाठ आणि बाजूंचं लाकूड आवाजाचा रंग थोडा बदलतं, हे बरेच कारागीर सांगतील. पण लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक शिकणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. मंद प्रकाशात, लाकूड दिसणार नाही अशी काळजी घेऊन 52 गिटारवादकांना त्या वाजवायला दिल्या. महाग लाकडाच्या गिटारींना स्वस्त लाकडाच्या गिटारींपेक्षा खास वरचे गुण मिळाले नाहीत. पहिल्या गिटारसाठी दुर्मिळ रोझवूडवर पैसे घालू नयेत, असं मी म्हणेन ते यामुळे.

शिवाय कायद्याचा प्रश्न असतो. ब्राझिलियन रोझवूडच्या व्यापारावर 1992 पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार कडक बंदी आहे. 2017 च्या सुरुवातीपासून रोझवूडच्या संपूर्ण कुळासाठी देशाबाहेर न्यायला परवाने लागू झाले. इंडियन रोझवूड, म्हणजे आपली शिसवी, याच कुळातली. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवूडला ती लागू नाही. कच्च्या फळ्या सीमेपलीकडून मागवताना कागदपत्रं आजही लागतात.

बाजू वाकवण्याची धास्ती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात साधारण 2 मिलिमीटर जाडीची, सरळ तंतूंची फळी तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू टेकवत नेली की वाकते. उष्णतेने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा घटक, मऊ पडतं. पाणी उष्णता आतपर्यंत नेतं आणि पृष्ठभाग करपू देत नाही. लाकूड सैल पडल्याचं हाताला जाणवेपर्यंत जोर लावायचा नाही, एवढं पथ्य. लहरदार रेषांच्या लाकडाच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये.

हवेतला ओलावा

वर्षभराने चिरलेली किंवा फुगलेली नवशिक्याची गिटार बघितली तर दोष बहुधा इथे सापडतो, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की ते फुगतं, सोडला की आकसतं. पण हे सगळं तंतूंच्या आडव्या दिशेने होतं. लांबीच्या दिशेने बदल नगण्य असतो. गिटारची वरची फळी सगळ्यात रुंद जागी 400 मिलिमीटरच्या आसपास असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 45 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर उतरली आणि तशीच राहिली, तर स्प्रूसची ही फळी रुंदीत सुमारे 2 मिलिमीटर आकसू पाहते. तिच्या आतल्या पट्ट्या मात्र बऱ्याचशा आडव्या चिकटवलेल्या असतात, आणि त्या लांबीत आकसत नाहीत. फळीला आकसायचंय आणि पट्टी तिला धरून ठेवते. मग फळी कुठेतरी चिरते.

यासाठी पट्ट्या चिकटवण्याचं आणि पेटी बंद करण्याचं काम 40 ते 50 टक्के आर्द्रतेत करायची पद्धत रुळली आहे. चुकायचंच असेल तर कोरड्या बाजूला चुकावं. कोरड्यात बांधलेली गिटार पुढे दमट हवेत गेली तर फुगते आणि तारा उंच होतात, पण ते निस्तरता येतं. दमट हवेत बांधलेली गिटार कोरड्यात गेली की चिरते. फळी अगदी सपाट न ठेवता तिला किंचित घुमटाचा आकार देतात, त्यामागेही हाच विचार आहे. आकसताना आधी घुमट खाली बसतो, चिरण्याआधी तेवढी सवड मिळते.

त्यामुळे महागड्या रंध्याआधी आर्द्रता मोजायचं यंत्र घ्यावं, आणि ते खरं बोलतंय का तेही तपासावं. एका झाकणात साधं मीठ घ्यायचं, पाण्याचे थोडे थेंब घालून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. मीठ असं ओलं असताना बंद हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र 70 दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात 5 मिळवून वाचायचं.

नवीन फळी आणली की लगेच कापायला घेऊ नये. फळ्यांच्या मधे बारीक पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात आणि अधूनमधून वजन करावं. वजन बदलायचं थांबलं की फळी तुमच्या खोलीच्या हवेशी जुळली.

सरस, कोन आणि फ्रेट

गोंदाबद्दल वाद भरपूर आहेत. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस साधारण 60 अंश सेल्सियसला गरम ठेवून वापरतात. तो काचेसारखा कडक वाळतो, ताणाखाली सरकत नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी उष्णता व ओलाव्याने सुटतो. मात्र लावल्यावर हात चलाख लागतो, कारण थंड होताच तो घट्ट होतो. पिवळा किंवा पांढरा लाकडाचा गोंद सोपा आहे आणि पहिल्या गिटारला चालतो. पण सततच्या ताणाखाली, विशेषतः उन्हात तापलेल्या बंद गाडीत, तो मऊ पडून ब्रिज सरकू किंवा उचलला जाऊ शकतो. गोंद कोणताही असो, सांधे ताज्या रंधलेल्या पृष्ठभागाचे आणि फट न राहता बसणारे हवेत. फट गोंदाने भरून काढायला बघू नये.

गिटार वाजवायला सोपी की अवघड, हे मुख्यतः नेकच्या कोनावर ठरतं. स्टीलच्या गिटारमध्ये फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या तुकड्यांवर, सरळ पट्टी ठेवली तर तिचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेला जेमतेम टेकावं. 650 मिलिमीटर लांबीच्या तारेला, नेक चौदाव्या फ्रेटपाशी पेटीला जोडलेली असेल, तर कोनात अर्धा अंश चूक झाली की सॅडलपाशी, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात त्या छोट्या पट्टीपाशी, सुमारे अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. सॅडल ब्रिजच्या वर असतं तीन-चार मिलिमीटर. शिवाय बाराव्या फ्रेटपाशी तार 1 मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल 2 मिलिमीटर तासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणजे अर्ध्या अंशाची चूक सॅडलमधली बहुतेक सगळी जागा खाऊन टाकते. नेक चिकटवण्याआधी हा कोन कोरडा बसवून वारंवार बघावा, यात कंटाळा करू नये.

फ्रेटच्या जागा काढणं त्या मानाने सरळ गणित आहे. प्रत्येक स्वराची कंपनसंख्या आधीच्या स्वराच्या 1.05946 पट असते. या पटीने बारा पावलं गेलं की बरोबर दुप्पट होते. यातूनच 17.817 हा आकडा निघतो. तारेची लांबी 650 असेल तर तिला 17.817 ने भागायचं, 36.48 येतात, तो नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) पहिला फ्रेट. उरलेल्या 613.52 ला पुन्हा भागायचं, 34.43 येतात, म्हणजे दुसरा फ्रेट नटपासून 70.91 वर. जुने कारागीर 18 ने भागत. इटालियन संगीतज्ञ व्हिन्चेन्झो गालिलेई यांनी 1581 मध्ये ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या फ्रेटसाठी 18:17 हे प्रमाण सांगितलं होतं. त्याने बारावा फ्रेट मध्यापासून सव्वादोन मिलिमीटरपेक्षा जास्त नटकडे सरकतो. एक व्यावहारिक सूचना: सगळी अंतरं नटपासूनच मोजावीत. आधीच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलं तर बारीक चुका साठत जातात.

एवढं अचूक करूनही सॅडल 650 वर ठेवलं तर वरचे स्वर चढे लागतात. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. जाड तारांमध्ये त्यांचा ताठपणाही भर घालतो. म्हणून सॅडल थोडं मागे आणि तिरकं बसवतात. स्टीलच्या गिटारमध्ये सगळ्यात पातळ तारेला साधारण 2 मिलिमीटर आणि सगळ्यात जाड तारेला 4 ते 5 मिलिमीटर जास्त लांबी लागते.

धूळ, पॉलिश आणि पहिली गिटार

लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरलं आहे. रोझवूडच्या काही जातींच्या धुळीने त्वचेवर पुरळ आणि श्वासाचा त्रासही होतो. चांगला मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र ही हौस समजू नये.

पॉलिशचा थर जितका पातळ तितकं बरं, कारण तोही फळीवरचं वजनच असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवायचं पॉलिश घरी करता येतं, त्याला फवाऱ्याचं यंत्र लागत नाही. पण ते घामाने आणि दारूने बिघडतं.

पहिल्यांदा करणाऱ्याने बाजू आधीच वाकवलेला संच विकत घेतला तर कमीपणा मानू नये. नेकचा कोन, पट्ट्या तासणं, फ्रेट बसवणं आणि ते एका पातळीत घासणं, हे शिकायला त्यात भरपूर आहे. पहिल्या तीन-चार गिटारी एकाच आकाराच्या कराव्यात आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी. फळी थोडी पातळ, किंवा पट्ट्या थोड्या बुटक्या. सगळंच बदललं तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

तारा पहिल्यांदा चढवल्या की लगेच सॅडल शेवटच्या उंचीला आणू नये. ताण आल्यावर पुढचे काही आठवडे फळी आणि नेक थोडी थोडी बसत जातात आणि तारा वर येतात. तोवर सॅडल किंचित उंच ठेवावं, गिटार रोज सुरात लावून वाजवत राहावं. उंची बदलायची थांबली की स्टीलच्या तारांना बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली साधारण 2.4 आणि पातळ तारेखाली 1.8 मिलिमीटर अंतर राहील असं सॅडल खालच्या बाजूने घासावं. नायलॉनला हेच अंतर 4 आणि 3 मिलिमीटरच्या आसपास लागतं.